भाग ३१ : भिंतीवरचं सांबरशिंग आणि गंजलेलं झाकण

हा भाग बोलताना मी बराच भरकटलो होतो, म्हणून लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे. सूर मात्र बोलण्याचाच ठेवलाय. ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐका, बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांनी वाचा.

२०२१च्या पावसाळ्यात मी एक झाड मारलं. मुद्दाम नाही. उलट तोवर मी कुठल्याच जिवाची इतकी काळजी घेतली नव्हती.

पुण्यात भाड्याचा फ्लॅट, घरून काम चालू, दिवसभर मीटिंगा. समोरची भिंत फार रिकामी दिसते म्हणून मी साडेसहाशे रुपयांना एक स्टॅगहॉर्न फर्न आणलं. तुम्ही फोटोत पाहिलं असेल. लाकडी फळीवर बांधलेलं, भिंतीला टांगलेलं, पानं अगदी सांबराच्या शिंगांसारखी फुटत गेलेली. मराठीत फर्नला नेचे म्हणतात, पण या नेच्याला आपल्याकडे रुळलेलं नाव काही मला सापडलं नाही. मी त्याला सांबरशिंग म्हणायला लागलो. मग इंजिनिअर जे करतो तेच केलं. लॅपटॉपवर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोनवर मेसेज: 'पाणी घाल'. मी एकदाही चुकलो नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मधला कोंब काळा पडला, बोट लावलं तर मऊ लागला आणि चार दिवसांत सगळी शिंगं खाली लोंबली.

ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही मूळ कारण शोधायला बसतो. इथे मूळ कारण खरोखरच मुळांत होतं. बाहेर पाऊस, हवा दमट, फळीवरचं शेवाळ वाळायलाच तयार नाही, आणि माझी स्क्रिप्ट इमानेइतबारे पाणी घालायला लावतेय.

त्याआधी, झाड जिवंत असताना, व्हिडिओ कॉलवर मी ते आजीला दाखवलं होतं. आजी मालवणजवळच्या गावात राहते. ती चष्मा वर करून म्हणाली, "अरे, ह्या तर वांदरबाशिंग! आपल्या फणसार आसा ता. तू ह्येचे पैशे दिलंस?"

आजीचं अर्धं बरोबर होतं. वांदरबाशिंग, किंवा नुसतं बाशिंग, हे आपल्या सह्याद्रीतलं नेचे. पावसाळ्यात घाटात आंब्याच्या, फणसाच्या जाड फांद्यांवर बघा. खोडाला चिकटून तपकिरी, कागदासारख्या वाळक्या पानांचा घेर दिसतो, आणि त्यातून लांब हिरवी पानं वर आलेली असतात. नवऱ्यामुलाच्या कपाळावर बांधलेलं बाशिंग जसं, तसं ते झाडाला बांधल्यासारखं दिसतं. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. माझं सांबरशिंग मूळचं ऑस्ट्रेलियाचं, नाव प्लॅटिसेरिअम बायफर्केटम. दोघांचं कूळ मात्र एकच, आणि घर बांधायची पद्धतही तीच. दोन तऱ्हेची पानं. एक खोडाला घट्ट बसणारी ढालीसारखी पानं, जी वाळली तरी गळत नाहीत. त्यांच्यामागे पालापाचोळा, धूळ, मेलेले किडे साठतात, कुजतात आणि तेच याचं खत. दुसरी शिंगांसारखी पानं, ज्यांच्या टोकांना खालच्या बाजूने बीजाणू धरतात. फुलं नाहीत, बिया नाहीत. आजी त्याला बांडगूळ पण म्हणाली, ते मात्र चूक. बांडगूळ यजमान झाडाचा रस पितं. हे नुसतं फांदीवर बसतं, पाऊस पितं आणि वरून पडेल ते खातं.

आता इतिहास. झाड मेल्यावर मी रात्री दोन वाजेपर्यंत एकच गोष्ट शोधत होतो: नेचे घरात वाढवायची कल्पना पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली? शोधता शोधता मी लंडनमधल्या एका डॉक्टरच्या बाटलीपाशी जाऊन पोचलो.

नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड. पूर्व लंडनमध्ये, गोदीजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये त्याचा दवाखाना होता. झाडांचं वेड, पण राहतो कुठे, तर दगडी कोळशाच्या धुरात. अंगणात दगड रचून त्यावर त्याने नेचे लावली होती, वरून पाणी झिरपायची सोय केली होती. सगळी मेली. शेवटी त्याने नाद सोडला.

१८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश बाटलीत ओल्या मातीत पुरून ठेवला. वर झाकण. कोशातून पतंग कसा बाहेर येतो ते त्याला बघायचं होतं. रोज बघताना त्याच्या लक्षात आलं की उन्हाच्या वेळी मातीतला ओलावा वाफ होऊन वर जातो, काचेवर थेंब धरतात आणि पुन्हा खाली मातीत येतात. पाणी कुठेच जात नव्हतं. आणि पतंग निघायच्या आधी मातीतून दोन कोंब वर आले. एक गवताचा, आणि एक नेच्याचा! जे नेचे अंगणात इतकं लाडाने जगलं नव्हतं, ते बंद बाटलीत आपलं आपण उगवलं. वॉर्डने बाटली खिडकीबाहेर ठेवली. जवळजवळ चार वर्षं ती झाडं जगली, आणि त्या काळात त्याने त्यांना पाण्याचा एक थेंब घातला नाही.

मग ती मेली कशी? वॉर्ड बाहेरगावी गेला होता. बाटलीचं झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेललो. घरातल्या नेच्यांच्या इतिहासातलं हे सगळ्यात प्रसिद्ध रोपटं, आणि तेही पाणी जास्त झाल्यानेच गेलं. माझी तर सुरुवात होती.

या बाटलीचं पुढे जे झालं ते नेच्यांपुरतं राहिलं नाही, त्यामुळे थोडं थांबतो. त्या काळी जहाजातून जिवंत रोप नेणं म्हणजे जुगार. डेकवर ठेवलं तर खारं पाणी उडून मरतं, खाली कोठारात ठेवलं तर उजेड नाही, आणि पिण्याचं पाणी खलाशांनाच मोजून मिळतं तिथे झाडाला कोण घालणार? मकाऊमध्ये असलेल्या जॉन लिव्हिंगस्टन नावाच्या डॉक्टरने १८१९ साली हिशेब मांडला होता की चीनहून इंग्लंडला निघालेल्या हजार रोपांतलं एखादंच पोचतं. हजारात एक.

वॉर्डने बाटलीची पेटी केली. लाकडी चौकट, तिरप्या काचा, फटी लांबीने बुजवलेल्या. १८३३ साली अशा दोन पेट्या नेचे, शेवाळ आणि गवत भरून 'पर्शियन' या जहाजावर चढवल्या. कॅप्टन चार्ल्स मॅलर्ड. मुक्काम सिडनी. रोपं धडधाकट पोचली. पण खरी परीक्षा परतीची होती. १८३४च्या फेब्रुवारीत त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियातली रोपं भरून जहाज निघालं. केप हॉर्नला उणे सात अंश सेल्सिअस, डेकवर फूटभर बर्फ. विषुववृत्तावर जवळपास ४९ अंश. आठ महिने वाटेत पाणी घातलं नाही. लंडनला पेट्या उघडल्या तेव्हा आत हिरवंगार होतं, आणि त्यात ग्लायकेनिया हे असं एक ऑस्ट्रेलियन नेचे होतं, जे त्याआधी ब्रिटनमध्ये जिवंत पोचलंच नव्हतं. नेच्याचंच उदाहरण पुढे आलं हा योगायोग मला फार आवडतो.

एकदा पेटी जमली म्हटल्यावर ती फक्त हौशी डॉक्टरांकडे कशी राहील? रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं अशाच पेट्यांतून ईस्ट इंडिया कंपनीच्या हिमालयातल्या मळ्यांसाठी आणली. १८७६ साली लंडनच्या क्यू गार्डनमधून रबराची रोपं ३८ पेट्यांत सिलोनला गेली. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कम पेरूमधून सिंकोनाची, म्हणजे क्विनाइनच्या झाडाची रोपं घेऊन निघाला. तांबड्या समुद्राच्या उकाड्यातून ती पेटी आपल्या मुंबईला आली, तिथून कालिकतमार्गे निलगिरीत. ती रोपं वाचली नाहीत. दुसऱ्या वाटेने, रिचर्ड स्प्रूस आणि रॉबर्ट क्रॉस यांनी इक्वेडोरमधून पाठवलेली वाचली. सकाळचा चहा आणि मलेरियाची गोळी, दोन्हींच्या मागे कुठेतरी ती काचेची पेटी आहे. पण हा वेगळ्या भागाचा विषय, नाहीतर मी इथेच अडकेन.

तिकडे ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला. काच स्वस्त झाली, पेट्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आल्या आणि लोकांना नेच्यांचं अक्षरशः वेड लागलं. चार्ल्स किंग्जली या लेखकाने १८५५ मध्ये त्या वेडाला नावच दिलं: टेरिडोमेनिया. तो बापांना उद्देशून म्हणतो की तुमच्या मुलींना हे वेड लागलं असेल, नेच्यांच्या न उच्चारता येणाऱ्या नावांवरून त्या भांडत असतील. पण कादंबऱ्या, गप्पा आणि विणकामापेक्षा त्या यात जास्त आनंदात दिसतात हे तुम्हालाही मान्य करावं लागेल. थोडं वरच्या पट्टीतलं बोलणं आहे, पण त्यात तथ्य आहे. एरवी घरात बसवलेल्या बायका हातात खुरपं घेऊन दऱ्याखोऱ्यांत हिंडायला लागल्या, ही लहान गोष्ट नव्हती.

त्या खुरप्यांनी दऱ्या रिकाम्याही केल्या. आयर्लंडमधलं किलार्नी फर्न इतकं उपटलं गेलं की कित्येक ठिकाणांहून ते दिसेनासं झालं. स्कॉटलंडमध्ये मोफॅटजवळच्या टेकड्यांवर वुडसिया नावाचं छोटं नेचे होतं. ते संग्राहकांनी जवळपास संपवलं, आणि आज दीडशे वर्षांनंतरही ते तिथे जेमतेम तग धरून आहे. गंमत बघा, नेचे दुर्मीळ झालं की त्याची किंमत वाढायची, आणि किंमत वाढली की उरलेलंही कुणीतरी उपटायचं. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्यावरच येणार आहे.

आता आपलं सांबरशिंग. स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिय्येस याने १७९९ मध्ये माझ्या घरातल्या जातीचं वर्णन केलं, पण दुसऱ्याच प्रजातीत टाकून. प्लॅटिसेरिअम हे नाव देव्हो या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये दिलं. ग्रीकमध्ये अर्थ रुंद शिंग. एकूण जाती अठराच्या आसपास. ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया, आफ्रिका, मादागास्कर, आणि अमेरिका खंडात फक्त एक, अँडीजच्या पायथ्याला. जातींची नावं वाचली तर साम्राज्याचं हजेरीपुस्तक उघडल्यासारखं वाटतं. हिलाय म्हणजे ब्रिस्बेनच्या बागेचा वॉल्टर हिल. रिडलेयाय म्हणजे सिंगापूरच्या बागेचा हेन्री रिडली, ज्याने मलायात रबर रुजवलं. आणि वॉलिकाय म्हणजे नथॅनिएल वॉलिक, कलकत्त्याच्या बोटॅनिक गार्डनचा १८१७ ते १८४६ एवढा काळ प्रमुख राहिलेला डॅनिश डॉक्टर. हे वॉलिकाय आपल्या देशात रानात आढळणारं एकमेव सांबरशिंग. मणिपुरात, म्यानमारच्या बाजूला. पुढे म्यानमार, थायलंड आणि चीनचा युन्नान.

आणि इथे वॉर्डची पेटी कामाला येत नाही. वाढलेलं सांबरशिंग बंद काचेत ठेवलं तर कुजतं. त्याला ओलावा हवा, पण त्याहून जास्त वारा हवा. फांदीवर बसणारं झाड ते. पाऊस आला की चिंब, थांबला की तासाभरात कोरडं. म्हणून ते कुंडीतही नीट रमत नाही, फळी लागते. व्हिक्टोरियन लोकांकडे ते बहुतेक गरम केलेल्या काचघरांत राहिलं. सामान्य माणसाच्या भिंतीवर ते नीट यायला विसावं शतक उजाडलं. लॉस एंजेलिसमधल्या बार्बरा जो होशिझाकी यांनी या प्रजातीच्या जातींवर संशोधन केलं आणि १९७५ मध्ये नेचे वाढवणाऱ्यांसाठी 'फर्न ग्रोअर्स मॅन्युअल' लिहिलं. झाडाच्या अंगाने विचार करून लिहिलेली अशी पुस्तकं मला आधी सापडली असती तर साडेसहाशे रुपये वाचले असते.

कारण दुसरं झाड मी तसंच वाढवलं. जुनी आंब्याची फळी, त्यावर नारळाचं सोडण, त्यावर झाड, आणि मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याने बांधलेलं. पूर्वेच्या खिडकीजवळ, थेट ऊन नाही. स्क्रिप्ट डिलीट केली. आता फळी हातात उचलून बघतो. हलकी लागली तर बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवायची, निथळू द्यायची, परत टांगायची. एप्रिलमध्ये आठवड्यातून दोनदा बुडवतो, जुलैत कधीकधी पंधरा दिवस हात लावत नाही. पानांवरची पांढरी लव धूळ समजून पुसायची नाही, ती पाणी उडून जाऊ नये म्हणून असते. (पहिल्या झाडाची मी ओल्या फडक्याने पुसली होती. हो.) ढालीची पानं तपकिरी झाली की ती मेलेली समजून काढायची नाहीत. ऑस्ट्रेलियात बरेच लोक त्या ढालीमागे केळ्याची सालं सरकवतात. मीही एकदा केलं. चिलटं झाली, फ्लॅटमेटने दोन दिवस अबोला धरला.

एक गोष्ट सांगायची राहिली. याच बायफर्केटमचे रानातले गठ्ठे ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर केव्हिन बर्न्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २०२१ मध्ये निबंध लिहिला. एका गठ्ठ्यात कितीतरी रोपं एकत्र राहतात, आणि ती सगळी एकच काम करत नाहीत. वरची पानं मेणचट, ती पाणी गठ्ठ्याच्या मध्याकडे वळवतात. खालची पानं स्पंजसारखी, ती पाणी धरून ठेवतात आणि मुळांच्या जाळ्यातून ते सगळ्यांना मिळतं. सुमारे ४० टक्के पानांना बीजाणूच धरत नाहीत. ती नुसती इतरांसाठी राबतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखं हे आहे का, असा प्रश्न त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच विचारलाय. पोळ्याची तुलना सगळ्यांना पटेलच असं नाही. मला ते वाचून एवढंच जाणवलं की माझ्या भिंतीवर मी एका वस्तीतलं एकच घर आणून टांगलंय.

मागच्या दिवाळीत एका विक्रेत्याचा मेसेज आला. वॉलिकाय आहे, घेणार का? फोटो पाठवला. काय झाड होतं! ढाल वर उघडलेली, मुकुटासारखी, आणि शिंगं खाली पसरलेली. किंमत माझ्या महिन्याच्या मेसच्या बिलाच्या दुप्पट. मी खरं सांगतो, पैसे पाठवायला अॅप उघडलं होतं. मग फोटो मोठा करून पाहिला. झाडाच्या मागे फळी नव्हती. सालीचा तुकडा होता, लायकेनसकट, कोयत्याने कापल्यासारखा.

मी विचारलं, "बीजाणूंपासून वाढवलंय की रानातून आणलंय?"

उत्तर आलं, "भाऊ एकदम ओरिजिनल आहे."

बायफर्केटमला बाजूने पिल्लं फुटतात. एक घेतलं तर मागे दहा राहतात. वॉलिकाय सहसा एकाच कोंबाचं असतं. ते काढलं की त्या फांदीवरचं संपलं. त्याची नवी रोपं हवी असतील तर बीजाणूंपासून नाहीतर प्रयोगशाळेतून करावी लागतात, आणि त्याला वर्षं लागतात. मी ते घेतलं नाही. पण यात फार मोठेपणा नाही, मंडळी. दोन दिवस मी तो फोटो उघडून बघत होतो, आणि तिसऱ्या दिवशी विक्रेत्याने 'सोल्ड' लिहिलं तेव्हा पोटात कालवल्यासारखं झालं. मोफॅटच्या टेकडीवर खुरपं घेऊन चढलेल्या माणसाला मी आता तेवढ्या जोरात नावं ठेवत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या बायफर्केटमच्या एका शिंगाच्या टोकाला खालून तपकिरी मखमलीसारखा पट्टा दिसला. बीजाणू. कागदावर खरवडून घेतले, चहाच्या पुडीसारखी बारीक पूड. कोकोपीटवर उकळतं पाणी ओतून ते थंड केलं, वर ती पूड भुरभुरवली. नुसतं शिकायला, उद्या कुणी वॉलिकायचे बीजाणू प्रामाणिकपणे दिले तर हात बसलेला असावा.

पहिल्या वेळी बुरशी आली, फेकून दिलं. दुसऱ्या वेळी सात आठवडे काहीच झालं नाही. नंतर एका सकाळी तळाशी हिरवट सायीसारखं काहीतरी दिसलं. त्यातून पान म्हणण्यासारखं काही यायला अजून काही महिने लागतील, फळीवर बांधायला दोन वर्षं तरी. सध्या ते पारदर्शक झाकणाच्या बिर्याणीच्या डब्यात आहे, खिडकीत. सकाळी झाकणाला आतून थेंब धरतात, दुपारी खाली पडतात. डिसेंबरपासून मी ते उघडलेलं नाही. झाकण प्लॅस्टिकचं आहे, गंजणार नाही.

तुमच्याकडे बाशिंगाला काय म्हणतात, व्हॉइस नोट पाठवा. आजीलाही ऐकवतो. भेटू पुढच्या भागात.